राखलेली खांड

कोणी गाव विचारलं की मला वैताग येतो. पेण म्हणावं तर अर्धं खोटं, रोहा म्हणावं तर उरलेलं अर्धं खोटं. आंबा नदी नागोठणं सोडून खाडी होते आणि धरमतरकडे पसरत जाते, त्या वाटेवर आमचं बेट आहे, आणि दोन तालुक्यांची हद्द थेट त्याच्या डोक्यावरून जाते. ही हद्द आखणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण त्याने बेटावर पाय ठेवला नव्हता एवढं मी पैजेवर सांगते. होडीत बसून, नाकाला रुमाल लावून आखली असणार.

बेट म्हटलं की लोकांना नारळाची झाडं आणि पांढरी वाळू दिसायला लागते. मी रोह्याला एका शाळेत लिपिक आहे. तिथल्या बाईंनी एकदा सहल न्यायची का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, न्या, पण मुलांना दुसरे कपडे आणायला सांगा. आमच्याकडे वाळू नाही, चिखल आहे. काळा, चिकट, मांडीपर्यंत आत घेणारा, आणि ओहोटीला नासक्या अंड्यासारखा वास मारणारा. त्या चिखलात वरच्या गावांनी सोडलेली प्लास्टिकची पोती, चपला आणि औषधाच्या बाटल्या रुतलेल्या असतात. गणपती झाले की त्यात सोंडा आणि हात येऊन पडतात. लहानपणी मी त्यातून शाळेत गेले आणि आजही माहेरी जाताना त्यातूनच जाते, पण त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. घाणीची सवय होऊ नये असं माझं मत आहे.

चिखलाच्या मधोमध काळ्या कातळाची टेकडी, टेकडीवर घरं, पायथ्याशी भाताची खाचरं, खाचरांभोवती मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. एवढंच आमचं जग. गुरुजी सांगायचे की हा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, फार जुन्या काळी जमीन फाटून तो बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आम्हा पोरांना त्याचा केवढा गर्व. काठावरच्या पोरांशी भांडण झालं की आम्ही ज्वालामुखीच्या गावचे म्हणून छाती काढायचो. आता वाटतं, एवढी आग ओतून निसर्गाने केलं काय, तर दोन तालुक्यांच्या कचेऱ्यांना एकमेकींकडे ढकलायला एक दगड तयार करून ठेवला.

त्या कातळाला एक भेग आहे आणि भेगेच्या तोंडाशी, टेकडीच्या पायथ्याला, विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये ही एकटी गोड. बेटावर माणसं राहायची ती तिच्या जिवावर. भात बुडालं तर तांदूळ विकत आणता येतो, पण विहीर गेली तर बेट गेलं, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

म्हणून एक पद्धत होती. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. उधाण ओसरलं की दुसऱ्या सकाळी विहिरीचा पहिला पोहरा आमच्या घरचा माणूस काढणार. आधी आजोबा काढायचे, मग माझे बाबा. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, गिळायचं आणि मोठ्याने सांगायचं, "गोड हाय." तोवर बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. बाबांनी सांगितल्याशिवाय दोराला कोणी हात लावत नसे. ते पोहऱ्याला ओठ लागू देत नसत, कारण पोहरा उष्टा झाला तर सगळ्या गावाचं पाणी उष्टं. उष्ट्याच्या बाबतीत बाबा भयंकर कडक होते. आईच्या ताटातला घास घ्यायचे नाहीत, नातवाने तोंड लावलेला पेला घासल्याशिवाय वापरायचे नाहीत. आम्ही त्यांना चिडवायचो की तुम्ही चुकून ब्राह्मणाच्या घरी जायचे ते इथे आलात. ते हसायचे आणि पेला घासायचे.

ही विहीरसुद्धा हद्दीवरच. दोर ओढणारी बाई रोहा तालुक्यात उभी असते आणि पोहरा पेण तालुक्यात बुडतो. आम्हाला दोन ग्रामपंचायती, एक या काठाला आणि एक त्या काठाला. एकदा एका पंचायतीला विहिरीला कठडा बांधायची हुक्की आली. गवंडी आला, हद्दीपर्यंत कठडा बांधला आणि थांबला. अर्धा गोल. उरलेला अर्धा दुसऱ्या पंचायतीने बांधायचा होता, तो अजून बांधायचाच आहे. त्या उघड्या बाजूने एक शेळी विहिरीत पडली. दोन्ही पंचायतींना कळवलं. दोघींनी विचारलं, कुठल्या बाजूने पडली. तोवर शेळी फुगून वर आली होती, डोळे माशांनी खाल्लेले. शेवटी बाबा आणि होडीवाले चाचा खाली उतरले, त्यांनी ती बाहेर काढली, गावाने विहीर उपसली. तो वास माझ्या नाकातून कितीतरी दिवस गेला नाही. पंचायतीच्या त्या माणसांकडे पाहिलं की आजही मला तोच वास येतो.

चाचा म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. बेटावर मुसलमानांची थोडी घरं आहेत, जुनी, आमच्याइतकीच जुनी. त्यांची मुलं आखातात गेली, चाचा मात्र होडी आणि दोन खाचरं सांभाळत राहिले. बाबा आणि ते रोज एकमेकांना शिव्या घालायचे आणि रोज एकाच दगडावर बसून विडी ओढायचे.

आता बांधाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरूनच घडलं. बांध मातीचा. उधाणात तो कुठेतरी फुटतो. त्या फुटीला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड पडली की हाक जायची, आणि प्रत्येक घरातलं एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर हजर व्हायचं. याला जोळ म्हणत. शेत कोणाचं, तालुका कुठला, हे विचारायचं नाही. ओहोटी लागली की रांग धरायची आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, त्यात पेंढा, त्यात फांद्या, आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बंद. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले आहे. नखांत शिरलेला चिखल आठवडाभर निघत नसे आणि तेवढा एकच चिखल मला कधी घाण वाटला नाही.

पुढे बांध सरकारच्या ताब्यात गेला आणि जोळ सैल पडत गेली. पोरं मूर्तीच्या कामाला जोह्याला आणि हमरापूरला जायला लागली. तिथे सावलीत बसून गणपतीला सोनेरी रंग लावायचा आणि रोजच्या रोज मजुरी घ्यायची. चिखलात कशाला कोण उतरेल. मी त्यांना दोष देत नाही. पण खरं नुकसान केलं ते काठावरच्या एका गावाच्या गोष्टीने. त्या गावाने आपली खांड जुन्या पद्धतीने एका ओहोटीत बुजवून टाकली. भात मात्र त्याआधीच खारं पाणी पिऊन बसलं होतं. साहेब पंचनाम्याला आले, बांध पाहिला आणि म्हणाले, खांड दाखवा. खांड कुठे होती. त्यांनी लिहिलं की बांध सुस्थितीत आहे, आणि गावाला भरपाई म्हणून धुपाटणंही मिळालं नाही. ही गोष्ट भरतीच्या पाण्यासारखी सगळ्या खाडीत पसरली. त्यातून प्रत्येक गावाने एक धडा घेतला. असला सडका धडा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

नारळी पौर्णिमेला मी माहेरी गेले होते. भर दुपारची भरती, वरून पाऊस. आम्ही जेवायला बसलो होतो. चाचा ओरडत आले, "भायेर ये रे, हद्दीच्या दगडाजवल बांध फुटलाय." बांधावर दोन तालुक्यांच्या हद्दीचा एक घडीव दगड होता, नेमकी तिथेच खांड पडली होती. बाबा तसेच उष्ट्या हाताने उठले. हात धुतला, फावडं घेतलं आणि अंगणातून हाक दिली. जुनी, लांबलचक हाक. मला वाटलं, आता सगळी धावतील.

धावली सगळीच, पण रिकाम्या हातांनी. कोणाकडे फावडं नाही, कोणाकडे घमेलं नाही, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. फोटो काढणं चाललं होतं. खांड तेव्हा एक बैलगाडी जाईल एवढी होती, पाणी घोंघावत खाचरांत येत होतं. ओहोटी लागायची वाट पाहायची आणि उतरायचं, एवढंच काम होतं. बाबांनी साडेतीन हात लांब फांदी तोडून आणली आणि चिखलात पाय घातला.

"काका, थांबा," आमच्या भावकीतला एकजण म्हणाला. तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, मी त्याला दादा म्हणते, म्हणजे म्हणत असे. "हात लावू नका. आधी पंचनामा होऊ दे."

"पंचनामा कसला? भात गेला तो गेला. पानी विहिरीपावत जाईल," बाबा म्हणाले.

"नाय जात. उद्या सायब येतील. बुजवली तर दाखवायचं काय आपून? त्या गावाचं काय झालं, ठाव हाय ना?"

"अरे, सायब नाय पित विहिरीचा पानी. आपून पितो."

कोणी उतरलं नाही. बाबा खाली वाकले तसे दोघांनी पुढे होऊन त्यांना दंडाला धरलं. मारलं नाही, ढकललं नाही, नुसतं धरलं, तेही हळू, वयाचा मान ठेवून. तो मान पाहून मला शिसारी आली. चाचा फावडं घेऊन उभे होते, त्यांनी ते रागाने चिखलात रोवलं आणि खाली बसले.

"दादा, तुम्हाला कळतंय का काय करताय?" मी म्हटलं.

"तू रोह्याची," तो म्हणाला. "तुला नळ हाय. तू नको बोलू."

संध्याकाळी तर कहर झाला. बाबा आणि चाचा दोघे मिळून गुपचूप खांड बुजवतील अशी शंका आली म्हणून तिच्यावर राखण बसवली. आमच्या गावाने आंब्याची राखण केली असेल, भाताची केली असेल. भगदाडाची राखण करणारं गाव मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझंच निघालं. दोन जण छत्री धरून, विड्या फुंकत, पिंकत, खाडीला आत येऊ देत बसले होते.

साहेब उद्या आले नाहीत. परवाही आले नाहीत. फोन करून कंटाळले तेव्हा मी स्वतः निघाले. पेणला मला ज्या कचेरीत पाठवलं ती कुठल्या खात्याची ते मुद्दाम सांगत नाही, सगळ्यांच्या कोपऱ्यांत त्याच लाल पिचकाऱ्या असतात. टेबलावरचा माणूस गाडीच्या किल्लीने कान कोरत होता. किल्ली बाहेर काढून, तिच्यावर आलेलं पाहून, त्याने ती पँटला पुसली आणि मला विचारलं, "खांड आमच्या बाजूला आहे का?"

"मध्ये आहे."

"मध्ये म्हणजे कोणाच्या?"

"दोघांच्या. हद्दीच्या दगडापाशी."

"मग रोह्याला विचारा. त्यांचं पत्र आलं की आम्ही येतो," तो म्हणाला, आणि त्याच किल्लीने चहावरची साय बाजूला केली. मी तिथून उठले आणि रोह्याची एसटी धरली.

रोह्याला तर मी राहते, तिथली माणसं मला ओळखतात. त्यांनी खुर्ची दिली, पंखा लावला. नकाशा काढला. नकाशावर आमचं बेट माशी बसल्यासारखं दिसत होतं. "हा दगड," तिथल्या साहेबांनी बोट ठेवलं. "इथून मोजलं की कळेल खांड कोणाची. दगड आहे ना जाग्यावर?"

"तो वाहून गेला. खांडीतच होता तो."

"अरेरे. मग मोजायचं कुठून?" ते खरोखर हळहळले. गाव बुडतंय याची हळहळ नव्हती, मोजायची जागा गेली याची होती. मी त्यांना विहिरीचं सांगितलं. ते म्हणाले, विहिरीचं खातं वेगळं.

मी परत आले तोवर खांडीतून चाचांची होडी आरपार जाऊ शकत होती. खाचरं दिसतच नव्हती, टेकडीच्या पायथ्याला खाडी टेकली होती. त्यावर मेलेल्या खेकड्यांचा आणि सडलेल्या भाताचा एक तपकिरी फेस साचला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याबरोबर तो विहिरीच्या त्या अर्ध्या कठड्याशी येऊन हेलकावत होता.

दुसऱ्या सकाळी बाबांनी पोहरा काढला. उधाणाचा दिवस नव्हता, तरीही काढला. बायका उभ्या होत्या. बाबांनी ओंजळ तोंडात घेतली, जिभेवर फिरवली, आणि गिळली नाही. बाजूला होऊन थुंकले. त्या विहिरीचं पाणी बाबांना थुंकताना मी कधी पाहिलं नव्हतं, आईनेही नव्हतं. बायकांनी हंडे जमिनीवर ठेवले. एक हंडा उताराने घरंगळत गेला आणि तो आणायला कोणी गेलं नाही.

मग साहेब आले, दोन्हीकडचे, दोन होड्यांतून. खांड एवढी ऐसपैस झाली होती की एका फोटोत मावेना. दादाच्या चेहऱ्यावर समाधान होतं, चांगली राखली म्हणून. साहेबांनी बूट काढले नाहीत, बांधाच्या सुक्या टोकावर उभं राहून भाताचं नुकसान लिहिलं. कोणाचं किती यावर दोन्हीकडच्यांची बाचाबाची झाली, ती बाटलीतलं पाणी पिऊन मिटली.

"सायब, विहिरीचा लिहा," बाबा म्हणाले.

"विहिरीत पाणी आहे ना?"

"हाय. पन खारट झालाय."

"आहे ना पण," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

फोटो झाल्यावर त्याच संध्याकाळी गावाने जोळ लावली. आता उतरायला हरकत नव्हती. पण एका ओहोटीत होणारं काम आता कितीतरी ओहोट्या पुरलं. जोह्याहून पोरं परत बोलावली, त्यांच्या नखांत सोनेरी रंग तसाच होता. मीही रांगेत उभी राहिले. माझ्या शेजारी दादा होता. त्याच्या हातून चिखलाचा गोळा घेताना मला पहिल्यांदा त्या चिखलाची किळस वाटली.

बाबांनी मात्र आशा सोडली नाही. "दोन पावसालं जातील," ते म्हणायचे. "कातळावरचा पानी भेगंतून उतरल, खार धुऊन निघल." तोवर चाचा काठावरून ड्रम भरून पाणी आणायचे. काही घरं पेणला गेली, काही रोह्याला. बाबा दर उधाणानंतर विहिरीवर जायचे, चव घ्यायचे, थुंकायचे. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मी गेले तेव्हा त्यांनी चव घेतली आणि थुंकायच्या आधी थोडा वेळ थांबले. "कमी झालाय गो," ते मला म्हणाले. मीही चव घेतली. खारटच होतं, पण घशात अडत नव्हतं. त्या दिवशी आईने गोडाचं केलं. बाबांनी चाचांना जेवायला बोलावलं आणि दोघे न भांडता जेवले. आणखी एक पावसाळा, एवढीच गोष्ट होती.

तो पावसाळा यायच्या आत विकास आला. पक्का दगडी बांध मंजूर झाला होता, आम्हीच बुजवलेल्या खांडीवर. कंत्राटदाराने तराफ्यावरून यंत्रं आणली. दगड आणले नाहीत. दगड तर इथेच आहे, तो म्हणाला, आणि टेकडीकडे बोट केलं. हिशेबाने पाहिलं तर बरोबर होतं त्याचं. खाडीतून दगड वाहून कोण आणेल, लाव्हाची अख्खी टेकडी समोर उभी असताना.

बाबा आणि चाचा त्याच्याकडे गेले. मला फोन लावून त्यांनी तो हातात धरून ठेवला होता, म्हणून मी रोह्यात शाळेच्या कचेरीत बसून सगळं ऐकलं.

"विहिरीच्या वरचा कातळ सोडा," बाबा सांगत होते. "पलीकडचा घ्या. ती भेग विहिरीची शीर हाय."

"काका, पलीकडचा दुसऱ्या तालुक्यात जातो," त्याचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला. "आमची परवानगी या बाजूची आहे."

त्या अर्ध्या कठड्यानंतर हद्दीचा नेमकेपणा कोणी पाळला नव्हता. शेळीला नाही, खांडीला नाही. पाळला तो या एका ठिकाणी. मी फोन ठेवून दोन्ही कचेऱ्यांना फोन केले. एकीकडे साहेब मीटिंगमध्ये होते, दुसरीकडे साहेब बदलून गेले होते.

सुरुंग लागले. घरांची कौलं सरकली. तिसऱ्या की चौथ्या सुरुंगानंतर विहिरीतलं पाणी खाली जायला लागलं. बाबा वरून बघत होते. पाणी खारट होतं तरी ते पाणी होतं, त्यातला खार कमी होत होता. ते भेगेतून कुठे निघून गेलं कोणास ठाऊक. पोहरा तळाला आपटल्याचा आवाज आला तेव्हा चाचांनी बाबांच्या हातातला दोर काढून घेतला. पुढचा पावसाळा धो धो आला आणि कातळावरून सरळ खाडीत गेला. विहिरीत आलं ते बुडाला चार बोटं गढूळ, तेही कावळ्यांनी संपवलं.

बांध मात्र सुरेख झाला. त्याच्या उद्घाटनाला मी मुद्दाम गेले, डोळ्यांनी बघावं म्हणून. जे बेट इतकी वर्षं कोणाचंच नव्हतं ते त्या दिवशी दोघांचं झालं होतं. पेणचे पाहुणे एका होडीतून, रोह्याचे दुसरीतून, फीत कापायला दोन कात्र्या. चिखलावर हिरवा गालिचा अंथरला होता, आणि पाहुण्यांच्या पायाखाली तो पचपच करत होता. एकेक जण उठून म्हणत होता की हे बेट आमचं आहे. कोणीतरी कातळाचं, ज्वालामुखीचं, पर्यटनाचं बोललं. टाळ्या वाजल्या. दादाने हार घातले. विहीर मांडवाच्या मागेच होती. तिच्या त्या अर्ध्या कठड्यावर हारांची रिकामी परडी ठेवलेली मी पाहिली.

पाण्याच्या बाटल्यांची खोकी होडीतून आणली होती. भाषणात घसा सुकायचा, एक घोट घ्यायचा, बाटली खुर्चीखाली ठेवायची, पुढच्या वेळी नवी उघडायची. ओहोटी लागायच्या आत पाहुणे पळाले, कारण नंतर होडी चिखलात अडकते. मागे खुर्च्यांच्या रांगा राहिल्या आणि प्रत्येक खुर्चीखाली अर्धी, पाऊण, नुसती तोंड लावलेली बाटली. काहींच्या तोंडावर पानाचा लाल डाग होता. एकीत सिगारेटचं थोटूक होतं, ती तेवढी बाजूला टाकली.

बेटावर जी चार बायामाणसं उरली होती ती हंडे घेऊन आली. बाटल्या उचलायच्या, पदराने तोंड पुसायचं आणि हंड्यात ओतायच्या. चाचांची होडी ओहोटीमुळे उद्यापर्यंत काठावर जाणार नव्हती, घरात ड्रम कोरडे होते. त्या बायकांत माझी आई होती. मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हात सोडवून पुढची बाटली उचलली. पाहुण्यांची थुंकी माझी आई हंड्यात भरत होती, आणि मी घरी जाऊन नळ सोडणार होते.

हंडे भरले, पण उचलले कोणी नाहीत. बायका तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं की त्या बाबांची वाट पाहत आहेत.

बाबा विहिरीपाशी दगडावर बसले होते. ते उठून आले, पहिल्या हंड्याशी वाकले. दोन्ही हातांची ओंजळ केली.

"बाबा, नका," मी म्हटलं. "उष्टं हाय ते."

त्यांनी ऐकलं. ओंजळ क्षणभर तशीच राहिली, बोटांतून थेंब गळत होते. मग त्यांनी पाणी तोंडात घेतलं, नेहमीसारखं जिभेवर फिरवलं आणि गिळलं. मान वर केली आणि पूर्वी सगळ्या बेटाला ऐकू जायचं तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितलं, "गोड हाय."

बायकांनी हंडे उचलले.